डबा परत पाठवताना

आखन,
शनिवार, २१ जून २०२५

ती. स्व. श्यामकांतकाका यांस,
ऊर्मिलाचा साष्टांग नमस्कार. वसुधाकाकूंनाही नमस्कार.

तिकडे रेगेन्सबर्गला तुम्ही दोघं ठीक असाल. मी ठीक आहे. इथे आठवडाभर उकाडा आहे आणि आमच्या इन्स्टिट्यूटची एकही खिडकी धड उघडत नाही. काकूंच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांचा टेर्मिन, म्हणजे भेटीचा दिवस, मिळाला का? मिळाला असेल तर बरं झालं. पत्राची रीत इथे संपली. आता मी भांडायला घेते.

कागदावर का, ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘लाल रांग’ हा आपल्या मराठी मंडळींचा ग्रुप तुम्ही काढलात, विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघामागे आम्हा सगळ्यांना तुम्ही लावलंत, आणि गेल्या रविवारी फायनल हरल्यावर एक लांबलचक मेसेज टाकून ग्रुपमधून सगळ्यांत आधी बाहेर पडलात तेही तुम्हीच. माझे फोन तुम्ही उचलत नाही. पण आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुमच्या स्वभावात नाही.

सोबत काकूंचा स्टीलचा डबा पाठवते आहे, रिकामा. डबा रिकामा परत करू नये हे आमच्या अंबाजोगाईतही शिकवतात, तेव्हा मला रीत ठाऊक नाही असं समजू नका. मुद्दाम रिकामा पाठवते आहे. काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे काकांसाठी आहे.

काका, तुमचा तो मेसेज मला पाठ झालाय. “आजच्या अंतिम सामन्यात माझी कन्या अन्वी हिने पंचांशी असभ्य वर्तन केले व त्यामुळे संघास विजेतेपद गमवावे लागले. याबद्दल मी व सौ. वसुधा सर्वांची क्षमा मागतो.” कन्या काय, सौ. काय! लग्नपत्रिका लिहावी तशी माफी लिहिलीत. खाली चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ग्रुपमधल्या निहारने लिहिलं, “काका, याला मोठं मन लागतं.”

मोठं मन वगैरे काही नव्हतं. तुम्हाला लाज वाटत होती आणि ती तुम्ही चाळीस लोकांदेखत पोरीच्या अंगावर झटकलीत. ती अजून त्या ग्रुपमध्ये आहे, हे तरी ध्यानात होतं का? मराठी बोलायला लाजते, पण वाचलेलं तिला सगळं कळतं. तुम्हीच दर उन्हाळ्यात तिच्याकडून धडे वाचून घ्यायचात.

तुमच्या सांगलीच्या फायनलची गोष्ट मी किमान दहा वेळा ऐकली आहे. १९८९ साल, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, शेवटचं मिनिट, रेफरीने तुमचं बास्केट नाकारलं आणि तुम्ही शिट्टी त्याच्या हातातून हिसकावून गटारात फेकलीत. गोष्टीच्या शेवटी तुम्ही हसता आणि आम्हीही हसतो. म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी तुमचा सामना रेफरीने घालवला आणि पोरीचा मात्र तिने स्वतःच्या तोंडाने घालवला? त्या वेळी तुमच्या वडिलांनी सांगलीभर माफी मागितली होती का?

सामना आठवा. चौदा सेकंद उरली होती, ६१–६०, आपण एकाने पुढे. आपली एक मुलगी आणि एक पिवळ्या जर्सीवाली, दोघींचे हात बॉलवर एकदम पडले आणि कुणी सोडेना. अशा वेळी बॉल पाळीपाळीने मिळतो आणि पाळी कुणाची हे स्कोअररच्या टेबलावरचा लाल बाण दाखवतो. बाण पिवळ्यांच्या बाजूचा होता. अन्वी म्हणाली, चुकलंय, पाळी आमची आहे. ती टेबलाशी आली. स्कोअरर म्हणून मी बसले होते. तिने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, रेफरीने मान हलवली. मग ती टेबलावर हात आपटून रेफरीवर ओरडली आणि तिला टेक्निकल फाउल मिळाला. त्यांना एक फ्री थ्रो, ६१–६१. मग बॉलही त्यांचाच आणि त्यावर बास्केट. आपण ६३–६१ हरलो.

आणि या सगळ्यात पहिल्या रांगेतून उभं राहून तुम्ही ओरडलात, “अन्वी, तोंड बंद कर!” हॉलमधल्या पाचशे जणांना शब्द कळले नाहीत, पण सूर सगळ्यांना कळला.

तुम्ही इंजिनिअर आहात, गणित करून बघा. तिच्या ओरडण्याने त्यांना मिळाला एक गुण. तो वजा केला तरी ६२–६१, म्हणजे आपण हरलोच. सामना गेला तो बॉल त्यांना गेल्यामुळे. इतकं साधं गणित चाळीस उच्चशिक्षितांपैकी एकाला सुचू नये?

सुचणार कसं? आपल्या लोकांना सामना कुठे बघायचा असतो. काल आमच्याकडे पोह्यांना सगळे जमले होते. संघातल्या एकेकीचं भविष्य काढणं चाललं होतं, जणू मुली दाखवायला आणल्या आहेत. ती उंच सेंटर ऑस्ट्रियात मास्टर्सला चालली, हुशार निघाली. ती डावखुरी म्युनिकला नोकरीला लागली, सुटली. राहता राहिली अन्वी. “तिचं काही खरं नाही, टेंपरामेंट नाही,” असं निहार पोह्यांवर शेव घालताना म्हणाला. तीन वर्षं ज्या पोरीच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडला, तिच्याबद्दल! मी हातातली बशी ठेवली आणि घराबाहेर जाऊन उभी राहिले. घर माझंच होतं.

दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या एका क्लबने तिला करार पाठवलाय. तीस तारखेच्या आत तिने सही करायची आहे. त्यांचे प्रशिक्षक त्या दिवशी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. करार त्यांनी मागे घेतला नाही, पण मेल करून विचारलं की दबावाखाली असं नेहमी होतं का. आणि तुम्ही तिला फोनवर काय सांगितलंत? “आता पुरे झालं खेळणं. प्लांटमध्ये माझ्या ओळखीने ट्रेनीची जागा आहे, ऑगस्टपासून ये.” सहाव्या वर्षापासून तुम्ही तिला अंगणात ड्रिबल करायला लावलंत ते एवढ्यासाठी?

सही केलीस का, म्हणून मी तिला बुधवारी विचारलं. म्हणाली, “पापा हाट रेश्ट.” बाबांचं बरोबर आहे. आणि मग म्हणाली, कदाचित बाण मलाच चुकीचा आठवत असेल.

इथे थांबते.

सोमवार, २३ जून

शनिवारी थांबले ती झोप आली म्हणून किंवा काम आलं म्हणून नाही. पुढचं वाक्य लिहायची हिंमत नव्हती. दोन दिवस हे पत्र टेबलावर तसंच पडलं होतं आणि मी घर झाडत होते. वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यातला शब्दही मागे घेत नाही, पण “तिने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं” हे वाक्य लबाडीचं आहे.

तो बाण म्हणजे लाकडी पट्टी आहे, एका खिळ्यावर फिरणारी. ज्या संघाची पाळी, तो संघ ज्या बास्केटवर हल्ला करतो तिकडे त्याचं टोक ठेवायचं. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, म्हणून हाफटाइमला बाण उलटा फिरवायचा. तो फिरवला नाही तर पाळी चुकीच्या संघाला जाते आणि पुढची प्रत्येक पाळी चुकत राहते. हे काम फक्त स्कोअररचं. लायसन्सच्या परीक्षेत पहिला प्रश्न हाच होता. तीन वर्षं मी टेबलावर बसले आणि एकदाही विसरले नाही. या गोष्टीचा मला किती माज होता ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच सगळ्यांना सांगायचात, “आमची ऊर्मिला टेबलावर आहे, चिंता नको.”

त्या दिवशी हाफटाइमला तुम्ही आणि काकू डबा घेऊन टेबलाशी आलात. टेबलाशी प्रेक्षकांनी यायचं नाही अशी पाटी होती, जर्मनमध्ये, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या कुणी ती पाटी ओलांडली असती तर तुम्हीच त्याला चार नियम ऐकवले असतेत. पण तुम्ही म्हणालात, “सकाळपासून उपाशी असशील, दोन अळूवड्या खा, पहाटे उठून केल्यात काकूने.” सहा तास गाडी चालवून आला होतात. मी नाही म्हणायला हवं होतं. बाजूला बसलेल्या टाइमकीपर मुलाने मला कोपराने ढोसलंसुद्धा. पण घरच्या मोठ्या माणसाने पुढे केलेला डबा बसल्या बसल्या कसा घ्यायचा? मी उठले, टेबलाच्या बाहेर आले, दोन्ही हातांनी डबा घेतला. दोन म्हणता म्हणता चार खाल्ल्या. काकू म्हणाल्या, इकडे बघ, आणि त्यांनी फोटो काढला. बझर वाजला तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. मी हात जीन्सला पुसत धावत जाऊन बसले आणि पेन उचललं. बाण तसाच राहिला.

तिसऱ्या क्वार्टरचा पहिला बॉल आपला असायला हवा होता, तो पिवळ्यांना गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त अन्वीच्या आलं, पण तेव्हा तिला वाटलं की रेफरीला कळतं.

शेवटी ती टेबलाशी आली तेव्हा तिने काय विचारलं ते आता सांगते. आधी जर्मनमध्ये विचारलं, हाफटाइमला बाण फिरवला होतास ना? मी बाणाकडे बघितलं, आणि काका, मला त्याच क्षणी कळलं. जिभेवर अजून चिंचेची चव होती. फिरवला नाही, विसरले, एवढंच बोलायचं होतं. बॉल अजून खेळात आलेला नव्हता, रेफरी बाजूलाच उभा होता, त्याने पाळी तिथल्या तिथे बदलून दिली असती. पण पाचशे लोक टेबलाकडे बघत होते आणि पहिल्या रांगेत तुम्ही होतात.

मग ती वाकली. तुम्हाला जी कायम जर्मनमध्ये उत्तरं देते, काकूंनी लाख विनवण्या केल्या तरी मराठीत एक वाक्य बोलत नाही, ती मुलगी माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “ताई, खरं सांग.”

मी रेफरीकडे बघून जर्मनमध्ये म्हणाले, “हो. फिरवला होता.”

त्यानंतर तिने टेबलावर हात आपटला. त्या हाताबद्दल तुम्ही चाळीस जणांची माफी मागितलीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढा दोष स्वतःचा असताना या पोरीने आधी चार पानं मला झोडपलं. हो, झोडपलं, आणि मला बरंही वाटलं. आठवडाभर मी सगळ्यांवर चिडले होते, निहारवर, ग्रुपवर, सगळ्यांत जास्त तुमच्यावर, कारण तुम्ही तिला दोषी ठरवलंत म्हणून मला कुणी विचारलंच नाही. तुमच्या माफीच्या आड मी आरामात लपले होते. तुम्ही डबा आणलात म्हणून बाण राहिला, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. ते चालेना. बाण राहिला ती चूक झाली. “हो” म्हटलं ते खोटं होतं आणि त्यात तुमची अळूवडी कुठेच येत नाही.

चार वर्षांपूर्वी मला इथे कुणी खोली देत नव्हतं. जामीन म्हणून तुम्ही सही केलीत, मला ओळखत नसताना, केवळ आईच्या मावसबहिणीने शब्द टाकला म्हणून. त्या माणसाच्या मुलीने खरं सांग म्हटलं आणि मी तिला भर मैदानात खोटं पाडलं.

पण यामुळे तुम्ही सुटत नाही. मी परकी आहे, मी लाजेपोटी खोटं बोलले. तुम्ही तर बाप आहात. काय झालं होतं म्हणून तिला एकदा तरी विचारलंत? तिला नियम तुम्हीच शिकवलेत, पाळी लक्षात ठेवायला तुम्हीच शिकवलंत. ती नियमासाठी ओरडते आहे की उगाच, हे पाचशे लोकांत एकट्या तुम्हाला कळायला हवं होतं. मी टेबलावर आहे म्हणून चिंता नाही, हे तुम्ही मानलंत. मुलगी मैदानात आहे म्हणून चिंता नाही, हे काही तुमच्या मनात आलं नाही.

मंगळवार, २४ जून

आज तिला सांगितलं. ती हॉलवर लॉकर रिकामा करायला आली होती. शूज, पट्ट्या, तुम्ही दिलेली जुनी बाटली, सगळं पिशवीत भरत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मराठीत. तिने मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, “आल्झो हाटे इश रेश्ट.” म्हणजे माझं बरोबर होतं. तीनदा म्हणाली, तिसऱ्या वेळी रडत. मग विचारलं, का? मी लाज वाटली म्हणाले. ती म्हणाली, मला पण वाटली ना, नऊ दिवस. आणि पिशवी उचलून गेली. बस समोर उभी होती तरी तिने घेतली नाही, चालत गेली. माझ्याशी ती पुन्हा बोलेल असं मला वाटत नाही आणि तिने बोलावं असं म्हणायला मला तोंडही नाही.

निकाल बदलणार नाही. तक्रारीची मुदत सामना संपल्यावर लगेचच होती आणि ती माझ्यामुळेच गेली. पण क्लबचे प्रशिक्षक आणि स्पर्धेचे आयोजक, दोघांना मी आज पत्र लिहून कळवलं, काय झालं, कुणामुळे झालं आणि आपल्या संघाची कॅप्टन अन्वी शेवटच्या चौदा सेकंदांतही पाळी अचूक सांगत होती. टेबलावर मी यापुढे बसणार नाही. काकूंनी काढलेला फोटो बघा. मी वडी खाते आहे, माझ्या मागच्या घड्याळात हाफटाइमची शेवटची चार सेकंद उरली आहेत आणि बाण अजून पहिल्याच बाजूला आहे. तो फोटो आठवडाभर तुमच्या घरात आहे. क्लबला पाठवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

तीस तारखेला सहा दिवस आहेत. ती सही करेल की नाही मला माहीत नाही, मला ती सांगणारही नाही. पण तिने नाही म्हणायचं ठरवलं, तर ते तिचं ठरवणं असू दे, तुमच्या मेसेजचं नको. ग्रुपमध्ये परत या आणि ती माफी मागे घ्या. सौ. वगैरे न लिहिता, साध्या मराठीत लिहा की माझी मुलगी बरोबर होती. हा माझा कागद हवा तर खाली चिकटवा, सगळ्यांना वाचू द्या. निहारलाही. आणि मग सहा तास गाडी चालवून या. या वेळी माझ्यासाठी काही आणू नका.

डबा रिकामा पाठवणार होते, तो आता तसा नाही. प्रशिक्षकांना लिहिलेल्या पत्राची नक्कल त्यात घडी करून ठेवली आहे. काकू, वड्या फार छान झाल्या होत्या, हे त्या दिवशी सांगायचं राहिलं.

सामना संपला की स्कोअरशीटच्या तळाशी स्कोअररने सही करायची असते. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, एवढाच तिचा अर्थ. त्या रविवारी मीही केली, पूर्ण नावाने, मान वर न करता. आज पुन्हा करते.

ऊर्मिला पद्माकर देशमाने
स्कोअरर